सोळा सुया

कवळ्या बनवण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, हे मीच सांगतो; लोकांची वाट कशाला बघायची? तरी घरातल्या तोंडापुढे मी हात टेकले होते. बायकोचे सगळे दात काढून तीन महिने झाले होते आणि ती तोंडावर रुमाल धरून, खुणांवर संसार करत होती.

तिचे वडील मेव्हण्याच्या घरी अंथरुणाला खिळलेले. दृष्टी कधीच गेलेली. दर रविवारी फोनवर बापलेकीची जीभ वळवणारी वाक्यं म्हणायची चढाओढ चालायची. दात गेल्यापासून तिने फोनच घेतला नव्हता. बोबडं बोलणं बाबांना ऐकवायचं नाही म्हणाली. आणि मेव्हणा कळवत होता, "डॉक्टरांनी आठवडा सांगितलाय. बाबा रोज तिचंच विचारतात."

मग मी मांडी ठोकून बसलो. दात आधी मेणात बसवले, म्हणजे हलवता येतात. फोन तिच्या तोंडासमोर उभा करून व्हिडिओ सुरू केला आणि एआयला म्हटलं, 'स' आणि 'श'वर जीभ अडखळेल असं वाक्य दे. पहिलं आलं ते शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखं. बायकोने कपाळाला हात लावला. तिसऱ्या खेपेला ससा आला, सुया तिने घातल्या: "शेजारच्या सशाने शिंप्याच्या सोळा सुया शोधून सांडल्या." ती म्हणायची, मी व्हिडिओ हळू करून जीभ कुठे टेकते ते बघायचो आणि दात केसभर सरकवायचो. चार दिवस हेच चाललं. अखेर एआयने उच्चार निर्दोष ठरवला. दात पक्के करून मी नवा व्हिडिओ मेव्हण्याला पाठवला.

तासाभराने त्याचा फोन आला. "भाऊजी, बाबा म्हणाले, छान बोलते ही बाई. आता माझ्या मुलीला द्या."

बायकोने ऐकलं. कवळी काढून टेबलावर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मला राग आला. खोटं कशाला बोलू, म्हाताऱ्याचाच आला. मग तिचा दोन वर्षांपूर्वीचा एक व्हिडिओ लावला. प्रत्येक 'स'मागे बारीक शीळ. पुढच्या दोन दातांत फट होती तिच्या. तीस वर्षं शेजारी झोपलो आणि तीच फट मी बुजवून टाकली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही खूश होतात," ती म्हणाली. "आणि मलाही वाटलं, एकदा तरी चारचौघींसारखं दिसावं. लहानपणी फार चिडवायचे हो."

मी म्हटलं, राहू दे तर मग. ती उठली, कवळी माझ्या हातात दिली.

"कापा."

इतक्या सुबक कामावर मी स्वतःच कानस चालवली. फट झाली. एआय म्हणाला, 'स' सदोष आहे, सुधारणा सुचवू का? म्हटलं, तू गप बस. आणि मेव्हण्याला फोन लावला.

त्याने फोन बाबांच्या कानाशी धरला. तिने वाक्य म्हटलं. सोळा सुयांपाशी शीळ वाजली, जीभही अडखळली.

"आहेस होय तू," बाबा म्हणाले. "मला वाटलं, माझ्याआधी गेलीस आणि हे लोक मला सांगत नाहीत."