भोंगा गप्प केल्यावर

‘नाही’ — दोन अक्षरं, कोष्टकाच्या अगदी शेवटच्या चौकटीत, इतकी बारीक की चित्राने आधी ती वाचलीच नाहीत, नुसती पाहिली, भिंतीवर बसलेला किडा पाहावा तशी. मग पान मोठं केलं, तरी ती तिथेच. त्यांच्या डावीकडचा प्रश्न तिचाच, तिच्याच शब्दांत: भोंगा गप्प केल्यावर वायूची पातळी पुन्हा वाढली, तर तो आपोआप वाजतो का? इथे ‘होय’ असतं. नेहमी ‘होय’ असतं...

ठाण्याच्या ज्या कंपनीसाठी ती डोंबिवलीतल्या घरी बसून काम करायची, ती कारखान्यांत वायुगळती ओळखणारी यंत्रणा बसवत असे, आणि त्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर कसं वापरायचं हे ऑपरेटरला कळेल अशा मराठीत लिहिणं हे चित्राचं काम. वाक्यं तिची, पण कोष्टकांतली उत्तरं ती हाताने भरत नसे. पुस्तिका तयार करायची आज्ञा दिली की प्रोग्रॅम ती सॉफ्टवेअरमधूनच उचलून आणून पानांत बसवायचा. म्हणजे हे ‘नाही’ चुकून टाइप झालेलं नव्हतं. ते आतून आलं होतं.

आज वेगळं काय होतं? नवा लॅपटॉप, एवढंच. जुन्यावर तिने या पुस्तिकेपुरती एक बंद खोली करून ठेवली होती — व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणतात तिला — लागतील तेवढीच पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरचे तयार गठ्ठे, आत, त्यांतच कंपनीचं हे सॉफ्टवेअरही; बाकी जगाला दार बंद. आणि पॅकेजेस आणून देणाऱ्या मॅनेजर नावाच्या प्रोग्रॅमला आवृत्त्यांचे आकडे ठोकून दिलेले, हेच आणायचं, याच्यापुढचं नाही. कारण एकदा सगळं अपडेट केलं आणि सगळंच कोसळलं होतं, दोन रात्री झोप नव्हती, तेव्हापासून तिचा एकच नियम: चालतंय ना, मग हात लावू नये. मी घाबरट आहे, मला माहीत आहे, घाबरट माणसांनी कड्या लावून राहावं... आज सकाळी ती खोली नव्याने उभारताना ते आकडे द्यायचे राहून गेले, आणि मॅनेजरने निमूटपणे ताजं होतं ते आणलं.

मग जुन्या खोलीत ‘होय’ कधीपासून शिळं होत पडलं होतं?

तिने ऑफिसात उर्वीला फोन लावला. सॉफ्टवेअरचा तो भाग उर्वीच सांभाळायची.

“हो ना ताई, ते बदललं की आपण. होळीच्या आसपास. अगं, भोंगा सारखा सारखा वाजतो म्हणून कस्टमरच वैतागलेले. आता एकदा गप्प केला की गप्पच. माणसाने जाऊन परत चालू करायचा.”

“आणि कारखान्यांत ही नवी आवृत्ती गेली?”

“सगळीकडे गेली. का गं?”

“माझ्या पुस्तिकेत ‘होय’ आहे, उर्वी. दिवाळी तोंडावर आली. मी अजून ‘होय’ छापून पाठवतेय.”

उर्वी एकदम हलक्या आवाजात म्हणाली, “थांब, मी सरांना शोधते.”

चित्राने फोन खाली ठेवला आणि तो खाली ठेवताना तिला भिंत दिसली — मुकुलच्या कंट्रोल रूमची भिंत, जी तिने प्रत्यक्षात कधी पाहिली नव्हती, फोटोत पाहिली होती. तिच्या नवऱ्याने मोठ्या कौतुकाने कंपनीच्या कॅमेऱ्यावर काढून पाठवलेला फोटो: पिवळट भिंत, चिकटपट्टीने लावलेलं तिचं पान, आणि खाली त्याचा मेसेज, ‘आमच्या बायकोचं अक्षरवाङ्मय.’ मुकुल एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट इन्चार्ज. आज त्याची सकाळची पाळी.

मोबाइल आत नेता येत नाही, गेटवर ठेवावे लागतात. तिने गेटचा नंबर काढला आणि अंगठा तसाच वर राहिला. काय सांगायचं? गेल्या महिन्यात तिने असाच फोन केला होता, वास येतोय म्हणून, आणि तो वास खालच्या मजल्यावरच्या ऑइलपेंटचा निघाला होता. त्याआधी श्रावणात. त्याआधी... मुकुल आता चिडतही नसे, हसायचा; सोसायटीतही हसायचे, चित्राचं नाक म्हणून. कोपरीला माहेरी असताना तिला असलं काही नव्हतं. लग्न होऊन इथे आली, आणि एका दुपारी कांदा चिरत असताना स्वयंपाकघराची काच आधी आत आली आणि आवाज मागाहून — स्फोट कुठेतरी लांब, तिकडे, कारखान्यांच्या बाजूला — आणि ती सुरी हातात तशीच धरून उभी होती, कांद्यावर काचेचा चुरा, आणि मनात एवढंच की आता हा कांदा वापरता येणार नाही. तेव्हापासून नाक. वास नसला तरी नाक.

पण आता वास नव्हता. कसलाच नव्हता. तिने मुद्दाम खोल श्वास घेऊन पाहिला. गॅसवर वरण, त्यातला हिंग, बस. आणि तरी भीती होती, नेहमीच्या धडधडीसारखी नाही, फार शांत. हे कोणाला कसं पटवायचं? नाकाला आलेली भीती निदान दाखवता येते.

तिने फोन लावला. गेटवर दौलत होता, जुना सिक्युरिटीवाला, तिचा आवाज ओळखणारा.

“मॅडम, साहेब आत हायेत. काय अर्जंट हाय का?” — त्या ‘का’मध्ये किंचित हसू होतं.

“अर्जंट आहे, दौलतभाऊ. कंट्रोल रूमच्या फोनवर जोडून द्या. नंतर मला हवं ते म्हणा.”

रिंग वाजत राहिली. मुकुलने उचलला. “बोल. काय जळतंय आज?”

“मुकुल, तुमचा भोंगा वाजलेला का एवढ्यात?”

“सकाळी वाजला ना. टाकी भरताना थोडं वाढतंच. मी गप्प केला.”

“परत चालू केलास?”

“तो होतो आपोआप. अगं, तुझंच पान आहे इथे, समोर—”

“माझं पान चुकीचं आहे.” आवाज इतका सपाट निघाला की तिलाच ओळखू येईना. “सॉफ्टवेअर बदललंय. एकदा गप्प केला की तो आता वाजत नाही. काहीही झालं तरी नाही. मुकुल, मला वास आलेला नाहीये. ऐकतोयस ना? मला आज कसलाही वास आलेला नाहीये.”

मग रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवल्याचा आवाज, पावलं, कुणाला तरी मारलेली हाक — “सुशांत! बाहेर ये आधी!” — दार, आणि मग नुसती यंत्रांची घरघर. ती ऐकत राहिली. एका माणसाला बाहेर यायला किती वेळ लागतो? तो सुशांत कोण, त्याला घरी कोण आहे, त्यानेही कधी ते पान वाचलं असेल का, बोट ठेवून, ओळीखाली ओळ... माझं वाक्य सोपं होतं. मी ते इतकं सोपं केलं होतं की कुणालाही शंका येऊ नये. वरण उतू गेलं. तिने हात लांब करून गॅस बंद केला आणि बटणावरून हात काढलाच नाही.

एकाएकी भोंगा वाजला, फोनमधून, पत्र्यावर खिळा ओढावा तसा. आणि बऱ्याच वेळाने थांबला.

पावलं. मुकुलचा श्वास.

“चालू केला,” तो म्हणाला. “चालू केल्याबरोबर वाजला, चित्रा. पंपाच्या सीलमधून झिरपत होतं. फार नाही. सुशांत आत पंपापाशीच होता. बरा आहे, बाहेर बसलाय. पंप बंद केला, पातळी उतरली तेव्हाच थांबला भोंगा.” मग थांबून, “सकाळपासून...”

“हो.”

“बाकीच्या कंपन्यांत पण हेच पान आहे?”

“हो.”

“तू ऑफिसला सांग. मी इकडे सांगतो सगळ्यांना, शेजारच्या प्लांटला पण.” पण त्याने फोन ठेवला नाही. तिच्या ऑफिसच्या दुसऱ्या मोबाइलवर उर्वीचा फोन थरथरत होता, टेबलावर हळूहळू कडेकडे सरकत. “ठेवू नकोस एक मिनिट,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात असं काहीतरी होतं जे तिने आजवर फक्त स्वतःच्या आवाजात ऐकलं होतं.

किती वर्षं तिला वाटत आलं होतं की याने एकदा तरी माझ्याइतकं घाबरावं, म्हणजे मी एकटी राहणार नाही. आता तो घाबरला होता, फोनच्या त्या टोकाला, तिच्याच शेजारी बसल्यासारखा. आणि तिला फार फार वाटलं की त्याने हसावं. नेहमीसारखं, चिडवत, तुझं नाक म्हणत. ती वाट पाहत राहिली. तो हसला नाही.