दोन कोपरं, एक उशी

मित्रांनो, मी ऑपरेशन थिएटरमधली एक जुनी उशी आहे. डोक्याखालची नव्हे हं, कोपराखालची! निळी, आत जेल भरलेली, हाताला बुळबुळीत. कोणी माझं कौतुक केल्याचं आठवत नाही, आणि त्याचं मला काही वाटतही नाही. मात्र माझं काम तेवढं नीट ऐका.

रोबोटने करायच्या ऑपरेशनला पेशंटचे दोन्ही हात अंगालगत चादरीत घट्ट गुंडाळतात आणि टेबल डोक्याकडून खाली झुकवतात. रोबोट एकदा जोडला की टेबल हलवायचं नाही. हात तर झाकलेलेच. भूल दिलेल्या माणसाचं कुठे दुखलं, तर तो सांगणार कोणाला? कोपर दाराला आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, त्या नसेला तासन्‌तास टेबलाची कड रुतू नये म्हणून आम्ही. आम्ही म्हणजे मी आणि माझी जोडीदारीण. एके दिवशी ती फाटली आणि कचऱ्यात गेली. नवी मागवली होती म्हणे. आज येईल, उद्या येईल, असं नुसतं चाललं होतं.

तशात एक न्हावी आला. त्याच्या ओटीपोटात गाठ होती. चेहरा भीतीने पांढराफटक, पण तोंड आपलं चालूच.

"ताई," तो सिस्टरला म्हणाला, "मोठ्या डॉक्टरांचे केस कोणी कापलेत हो? मागून पायऱ्या पडल्यात! बरा झालो की पाठवा माझ्याकडे."

"काका, आधी बरे तर व्हा," सिस्टर हसली.

"पोटाचं काय ते तुम्ही बघा. हात तेवढे जपा. घर त्यांच्यावर चालतं माझं."

मग तोंडावर मास्क आला आणि तो झोपला.

हात गुंडाळताना भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "उशी एकच?"

"एकच आहे. डावीकडे घालते, सलाइन तिकडे लावलंय."

"बरं. उजवीकडे टॉवेलची घडी घाला."

झालं! कात्री तो कोणत्या हातात धरतो, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मला तोंड असतं तर मी किंचाळले असते.

टेबल झुकलं. रोबोट जोडला गेला. बऱ्याच वेळाने सिस्टर चुळबुळली. "सर, उजवा हात एकदा बघू का?"

मोठे डॉक्टर कोपऱ्यातल्या, रोबोट चालवायच्या यंत्रात डोळे घालून बसले होते. "आत्ता नको. गाठीशी पोचलोय, हात बघायचा तर रोबोट सगळा काढावा लागेल."

शेवटी चादर काढली. घडी निसटून कमरेपाशी गेली होती आणि उजवं कोपर टेबलाच्या कडेच्या लोखंडी पट्टीवर होतं. तिथे लालभडक खोल वळ उठला होता. गाठ अख्खी निघाली म्हणून सगळे एकमेकांचं अभिनंदन करत होते. सिस्टर मात्र ते कोपर चोळत उभी राहिली.

तो शुद्धीवर येताना पुटपुटला, "ताई, माझी करंगळी कुठंय?"

न्हाव्याच्या कात्रीच्या एका कड्यात अंगठा असतो, दुसऱ्यात करंगळीशेजारचं बोट. त्याचं ते बोट आणि करंगळी, दोन्ही सुन्न झाली होती. जाणीव येईल हळूहळू, असं सगळे म्हणाले.

दुसरी उशी त्यानंतर आठवड्याभरात आली. आली बाई एकदाची!

वर्षाने टाक्यांपाशी हर्निया झाला म्हणून तो पुन्हा याच टेबलावर आला. या वेळी गप्प होता. उजव्या हाताची ती दोन बोटं वाकडी होऊन तळव्याकडे वळली होती. सिस्टरने आम्हा दोघींना हातात घेतलं आणि त्याला झोपवण्याआधी विचारलं, "काका, काम कोणत्या हाताने करता?"

त्याने डावा हात थोडा उचलला. "आता डाव्याने शिकतोय, ताई. जमत नाही अजून. गिऱ्हाईकं घेतात सांभाळून. घेत होती."

सिस्टरने नवीला उजव्या कोपराखाली ठेवलं. तिने मला डाव्या कोपराखाली सरकवलं, मागच्या वेळी होते तिथेच.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कोणी डॉक्टर होईल, कोणी सिस्टर. माणूस जागा असतो तेवढ्यातच त्याला हे विचारून घ्या. आणि उशी एकच असेल, तर त्या दिवशी त्याला घरी पाठवा.