टाकीवरचं रिकामं घरटं

मी एक जुना कोट आहे. एके काळी माझा रंग करडा होता. मित्रांनो, माझी गोष्ट मला सलग सांगता येणार नाही. कोटाला डोकं नसतं, त्यामुळे माझ्या आठवणी मिळेल तिथे राहिल्या आहेत; काही खिशात, काही शिवणीत. हात लागेल तिथून सांगतो.

कॉलर

माझा जन्म बर्फाच्या कारखान्यासाठी झाला. एका शिंप्याने एकाच मापाचे चाळीस कोट शिवले आणि आतून लोकरीचं जाड अस्तर लावलं. मी ज्या बाईच्या वाट्याला आलो ती बर्फाच्या लाद्या उतरवून घ्यायची. माझ्या बाह्या तिला चार बोटं लांब होत्या. तिने त्या दुमडल्या आणि एकवीस वर्षं तशाच ठेवल्या. गोठणखोलीतून बाहेर आल्यावर लोक मला चाचपून म्हणायचे, "काय ऊब आहे हो याला!" मग दिवसभर मी ऐटीत असायचो.

पुढे कारखाना बंद पडला. यंत्रं गेली, पत्रे गेले. आवारात उरली ती लोखंडी खांबांवरची उंच पाण्याची टाकी. ती बाई समोरच्याच इमारतीत भावाकडे राहायला आली. तिथे सगळे तिला आत्या म्हणतात. मी दारामागच्या खिळ्यावर गेलो. वर्ष झालं तरी माझ्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही.

पाठ (इथे भोक आहे)

थंडीतल्या एका सकाळी टाकीवरून घोगरा आवाज आला. आत्या खिडकीत गेली. टाकीखालच्या आडव्या तुळईवर दोन काळे पक्षी बसले होते. कावळेच, पण घारीएवढे. गळ्याखाली दाढीसारखी पिसं. डोंगरातल्या कड्यांवर राहणारी ही जात एवढ्या मोठ्या शहरात काय करत होती, कोण जाणे. आत्याने मला खिळ्यावरून ओढलं, खुर्ची उचलली आणि गच्ची गाठली. तेव्हापासून नऊ हिवाळे आम्ही रोज सकाळी तिथे बसतो.

"कावळेच बघायचेत तर खिडकीत बसा की!" वहिनी म्हणायची. वहिनी म्हणजे भावाची बायको. घरावर राज्य तिचं. "आणि तो कोट! त्याला आता कावळ्यांचा वास येतो."

"बरंच झालं," आत्या म्हणायची. "त्यांना मी घरची वाटेन."

एकदा ऊन चढलं म्हणून तिने मला कठड्यावर टाकलं. मादी आली. तिने मान वाकडी करून मला पाहिलं आणि पाठीच्या उसवलेल्या शिवणीतून घरट्यासाठी चोचभर लोकर उपटून नेली. आत्या श्वास रोखून बसली होती. ती शिवण तिने कधीच शिवली नाही. मादी दर वर्षी येते आणि दर वर्षी माझी पाठ थोडी पातळ होते.

म्हणजे मी थोडा टाकीवरही आहे. हे लक्षात ठेवा.

डावा खिसा

एक वही. दोरीला बांधलेली पेन्सिल. "नर तीनदा आला. मादी हलली नाही." "आज नराची धावपळ वाढली. पिल्लं निघाली असावीत." नऊ वर्षं अशीच.

बाही

या वर्षी टाकी धोक्याची ठरली. खांब गंजले होते. घरट्यात पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत काम थांबवता येत होतं, नाहीतर सोमवारी कापायला गाडी येणार होती. पाहणीला सरकारी कचेरीतला एक तरुण साहेब आला. नारंगी जॅकेट, पिवळं हेल्मेट, गळ्यात दुर्बीण.

शनिवारी तो तिसऱ्यांदा गच्चीवर आला.

"आजी, घरटं रिकामं आहे हो."

"आजी असेल तुझ्या घरी. मला आत्या म्हण."

"बरं, आत्या. पण रिकामंच आहे ना?"

"तू येतोस म्हणून रिकामं दिसतं. तुझं ते नारंगी दिसलं की दोघं गुपचूप उडतात आणि पिल्लं खाली चिकटून बसतात. ही वही बघ."

"वहीत काय, कोणीही काहीही लिहील. मला फोटो लागतो."

मित्रांनो, मला ठाऊक होतं. माझी लोकर त्या पिल्लांच्या पोटाखाली होती. पण कोटाला कोण विचारतो?

आत्याने माझी बाही दोन्ही हातांनी घट्ट धरली. मग एकदम सोडली.

"जॅकेट काढ."

"काय?"

"काढ म्हणते ना! हेल्मेटही दे. हा कोट घाल, माझी टोपी कानावर ओढ आणि या खुर्चीत बस. नारंगी खाली गेलेलं त्यांना दिसू दे."

"ते एवढं बघतात?"

"तू बघत नाहीस म्हणून कोणीच बघत नाही होय? आणि हलायचं नाही. नाक खाजलं तरी नाही."

गुंड्या

एकवीस आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्या आत दुसरंच हृदय धडधडत होतं. ते फार घाईत होतं. आत्या जिना उतरली आणि नारंगी होऊन आवाराच्या मधोमध चालू लागली. नर आला, मागोमाग मादीही. दोघं तिच्या डोक्यावर घिरट्या घालत असे ओरडले की मी आजवर तसं ऐकलं नव्हतं. नर इतका खाली आला की ती खांदे आवळून वाकली.

"अहो साहेब, डोकं सांभाळा!" वहिनी सज्ज्यातून ओरडली. "आमच्या आत्यांचे लाडके आहेत ते!"

नऊ वर्षांत त्या दोघांनी आत्यावर एकदाही आवाज चढवला नव्हता. ती पळाली नाही. मुद्दाम सावकाश चालली, फाटकापर्यंत, त्यांना नीट दिसावं म्हणून.

मग शांतता. साहेबाने नाक खाजवलं नाही. अर्धा तास गेला. त्याचं हृदय हळूहळू माझ्या जुन्या ओळखीच्या चालीवर आलं. मादी परतली. तिचा गळा घासाने फुगला होता. तिने आमच्याकडे पाहिलं. कोट जागेवर होता. ती काठावर उतरली आणि काटक्यांतून एकदम लाल तोंडं वर आली.

"चार," साहेब पुटपुटला. "नाही, पाच!"

त्याचा हात फोनसाठी सावकाश माझ्या खिशात गेला. हाती आली वही. फोन जॅकेटमध्ये होता, आणि जॅकेट फाटकाबाहेर!

मग त्याने दोरीची पेन्सिल धरली आणि आत्याच्या अक्षराखाली लिहिलं: "पाच पिल्लं. मी स्वतः पाहिली." खाली सही केली. आत्या परत आल्यावर पान फाडून नेताना त्याने तिला विचारलं, "चालेल ना?"

"तुझ्या कचेरीत चालेल का ते बघ," आत्या म्हणाली.

आतला खिसा

सोमवारी गाडी आली आणि फाटकातूनच परत गेली. पण मला सांगायचं आहे ते रविवारचं.

रविवारी वहिनीने मला धुतलं. "परका माणूस घालून गेला, आता तरी धुऊ द्या," म्हणाली. मी सज्ज्यातल्या दोरीवर निथळत होतो, आणि आत्या भावाचा निळा स्वेटर घालून गच्चीवर गेली. मी घाबरलो. त्यांचा विश्वास कोटावर होता, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. थोडा गर्वही होता. आता ते पुन्हा तिच्यावर ओरडले तर?

नर तुळईवर बसून तिच्याकडे पाहत राहिला. मान एकदा इकडे, एकदा तिकडे. आत्या नुसती बसली होती, हात मांडीवर ठेवून. मग तो घशातल्या घशात काहीतरी बोलला आणि पाठ फिरवून पिल्लांना भरवू लागला.

माझा गर्व पाण्याबरोबर ठिबकत गेला. आनंद मात्र राहिला.

पिल्लं उडतील आणि टाकी जाईल. आत्याने माझ्या पाठीतली मूठभर लोकर आतल्या खिशात बांधून ठेवली आहे. ती दोघं पुढच्या हिवाळ्यात जिथे दिसतील, तिथल्या कठड्यावर ठेवणार म्हणते.

तेव्हा मित्रांनो, एवढंच मागतो. घरटं असो, घर असो, की दारामागचा जुना कोट असो, रिकामं आहे म्हणून मोडण्याआधी अर्धा तास गप्प बसून पाहा. आणि माझ्या पाठीचं भोक शिवू नका.