अण्णांच्या हाताजोगं बटण

आंजर्ल्याच्या गंगाराम अण्णांनी जन्मभर बोटीवर नोकरी केली, पण गावात त्यांचं नाव होतं ते बोलण्यासाठी. ते ओटीवर बसले की रस्त्याने जाणारा माणूस आत ओढला जायचा आणि दोन-चार बंदरं फिरून आल्याशिवाय सुटायचा नाही. दिवाळी झाली आणि त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. ऐकू सगळं यायचं, कळायचंही सगळं. डावा हात तेवढा कसाबसा हलायचा.

मुलगा विनीत मुंबईत सॉफ्टवेअर इंजिनिअर. घरून काम करायची परवानगी काढून तो आला. अण्णांना नक्की काय हवंय हे ओळखता ओळखता आईचा जीव मेटाकुटीला येतोय, हे बघून त्याने जाहीर केलं, "आये, मी अण्णांसाठी बोलणारी पेटी करतो. बटण दाबलं की पेटी बोलेल."

"कर हो," गोदाबाई म्हणाल्या. "पण आधी त्या पंपाचा स्विच बघ. कधीचा अडकतोय."

पंपाचा स्विच हे काही इंजिनिअरचं काम नव्हे, असं विनीतचं स्पष्ट मत होतं.

पेटीचं डोकं म्हणजे काड्यापेटीएवढा मायक्रोकंट्रोलर. कोणतं बटण दाबलं ते त्याने ओळखायचं आणि विनीतच्या आवाजात भरलेले शब्द स्पीकरवर वाजवायचे. 'पाणी', 'जेवायला वाढ', 'संडासला', 'पंखा', अशी यादी विनीतनेच ठरवली. प्रोग्राम एका दुपारीत लिहून झाला. आपण कोणीतरी मोठे आहोत असं त्याला त्या दुपारी फार वाटलं, इतकं की ऑफिसच्या ग्रुपवर फोटोही टाकून झाला. राहिली होती फक्त बटणं. ती काय, तयार मिळतात!

मायक्रोकंट्रोलरबरोबर काही बटणं फुकट आली होती, डाळिंबाच्या दाण्याएवढी. त्याने तीच एका डब्याच्या झाकणावर ओळीत बसवली. अण्णांनी डावा हात उचलला आणि टेकवला. दोरखंड ओढून जाड झालेलं ते बोट. ते एका वेळी दोन दाण्यांवर बसलं. "पाणी. संडासला," पेटी म्हणाली. गोदाबाई तांब्या घेऊन उभ्या राहिल्या. तांब्या दोन्हीला चालत होता, पण न्यायचा कुठे ते कळेना.

मग विनीत इंटरनेटवर बटणं बघत बसला. बटणांच्या इतक्या जाती असतील हे त्याच्या गावी नव्हतं. गोल, चौकोनी, दिव्याची, बिनदिव्याची, पाण्यात चालणारी. मुलगी बघायला गेलेल्या मुलाने करावं तेच त्याने केलं. रूप बघितलं. चकचकीत स्टीलची, भोवती निळ्या दिव्याचं कडं असलेली बटणं त्याने मागवली. 'दाबलं की दाबलेलं राहतं' असं त्यांच्या माहितीत लिहिलं होतं. विनीतने त्याचा अर्थ 'टिकाऊ' असा घेतला.

दापोलीहून पार्सल आलं. बटणं जोडली, अण्णांनी एक दाबलं, आणि ते आत गेलं ते वर येईना. "जेवायला वाढ. जेवायला वाढ. जेवायला वाढ..." स्पीकर विनीतने मुद्दाम मोठा घेतला होता. शेजारचे बाबूकाका धावत आले.

"काय रे विन्या, बापाक उपाशी ठेवलास की काय?"

संध्याकाळी त्याने मुंबईला बायकोला, योगिनीला, फोनवर ही हकीकत सांगितली. ती पोटभर हसली आणि मग म्हणाली, "ही बटणं दाबणार कोण? तू, का अण्णा?"

विनीतने आपल्या हाताकडे पाहिलं. प्रत्येक बटण त्याने स्वतःच्या उजव्या अंगठ्याने तपासलं होतं.

सकाळी तो पहिल्यांदाच अण्णांसमोर नुसता बसला. पुढ्यात वाटी पालथी घातली, डबीचं झाकण ठेवलं आणि म्हणाला, "दाबा बघू." अण्णांना बोटाने नेम धरता येत नव्हता. ते मूठ करून मुठीची बाजू आपटत होते. म्हणजे बटण हवं होतं वाटीच्या तोंडाएवढं, हलक्या दाबाने जाणारं आणि हात उचलला की आपोआप वर येणारं. तसली बटणं व्हिडिओ गेमच्या दुकानातल्या यंत्रांना असतात. लाल, पिवळी, हिरवी. दिसायला अगदी जत्रेतली. निळं कडं वगैरे काही नाही. विनीतने जड मनाने मागवली.

ती जोडल्यावर पहिल्या दिवशी पेटी एका दाबात "पाणी, पाणी, पाणी" म्हणाली. दाबताना आतल्या पट्ट्या थरथरतात, त्यामुळे आपल्याला एकदा दाबल्यासारखं वाटतं ते मायक्रोकंट्रोलरला अनेकदा वाटतं. विनीतने प्रोग्राममध्ये थोडं थांबायची सूचना घातली आणि पेटी सुतासारखी सरळ झाली.

पण अण्णा ती वापरेनात. मुलाचं मन राखायला एखादं 'पाणी' दाबायचे आणि दोन घोट पिऊन ग्लास बाजूला सारायचे.

एका संध्याकाळी बाबूकाका येऊन बसले आणि रंगात आले. वादळात आपण एकट्याने होडी कशी खेचून काढली ते सांगू लागले. "चारजण घाबरून पळाले, मी एकटा दोर धरून—"

"संडासला," पेटी म्हणाली.

गोदाबाई लगबगीने उठल्या. अण्णांनी मान हलवून नको म्हटलं. बाबूकाकांनी गोष्ट पुढे चालू केली. "तर मी एकटा—"

"संडासला!" अण्णांची नजर बाबूकाकांवर रोखलेली होती आणि तोंडाचा चांगला कोपरा वर गेला होता.

आधी गोदाबाईंना हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. बाबूकाका क्षणभर रागावले आणि नंतर सर्वांत जास्त हसले. "अरे, माझ्या गोष्टीची किंमत केलीन त्याने!"

विनीत हसत होता, पण मनात चांगलाच ओशाळला होता. बटणांची जात, दाब, रंग सगळं पाहून झालं. अण्णांना बोलायचंय काय, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. तहानलेल्याला पाणी मागायला एक इशारा पुरतो. ओटीवरच्या गप्पांत मध्येच तोंड घालायला मात्र शब्द लागतात.

त्याने शब्द एकेक करून म्हणून दाखवले, अण्णांनी मान हलवून निवडले. 'खोटं!' पहिलं. मग 'पुढे काय झालं?' आणि 'आता पुरे.' 'संडासला' त्यांनी हट्टाने ठेवून घेतलं. विनीतचा आवाज त्यांना पसंत पडेना, म्हणून सगळे शब्द पेटीत भरले ते बाबूकाकांच्या आवाजात, खणखणीत.

फेब्रुवारीत विनीत मुंबईला परतला. ओटीवर पुन्हा माणसं बसू लागल्याचं आईकडून कळायचं. शिमगा जवळ आला तेव्हा त्याने फोन केला. "अण्णा, यंदा कामाचा फार डोंगर आहे. सुट्टी मागितली, पण साहेब देतच नाही."

"खोटं!" फोनमधून बाबूकाकांच्या आवाजात पेटी म्हणाली.

सुट्टी विनीतने मागितलेलीच नव्हती. फोन ठेवल्यावर त्याने ती मागितली, आणि मिळालीही.