आत किती जण आहात?

लिफ्टवाल्याने तीस वर्षं एकच काम केलं. लोकांना जिना चढावा लागू नये. आणि साठीला टेकल्यावर पोरीने त्यालाच डोंगरावर धाडलं. पाच दिवस, पायी, बर्फाची खिंड ओलांडून. माहितीपत्रकात छापलं होतं, 'नवख्यांसाठी सोपा, कुणालाही जमेल.' असल्या छापील शब्दांवर त्याचा भरवसा नव्हता. लिफ्टमध्येसुद्धा लिहिलेलं असतं, आठ माणसं.

पण चालण्याचं काही नव्हतं. घोडं पेंड खात होतं दुसरीकडेच. तंबूतला जोडीदार निघाला व्याही.

व्याही म्हणजे शाळेतले पीटीचे मास्तर. निवृत्त झालेले, पण शिट्टी अजून गळ्यात. दहा महिने दोघांचं बोलणं बंद. पोरीने दोघांचीही नावं गुपचूप घातली, आणि दोघांनी एकमेकांना पाहिलं तेव्हा बस सुटलेली होती. पोरीला सातवा महिना. ती फोनवर एवढंच म्हणाली, "बाबा, माझ्या बाळाला दोन आजोबा एकाच खोलीत हवेत. बोलल्याशिवाय परत येऊ नका."

झालं होतं असं. लग्नाच्या दिवशी मास्तर कार्यालयाच्या लिफ्टमध्ये अडकले. चाळीस मिनिटं. खाली एकुलत्या एका पोराचं लग्न लागलं आणि बाप दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मधोमध. लोकांना वाटलं, रुसले असतील. मुलाकडची माणसं रुसतातच, म्हणून कुणी शोधलंही नाही. एकाही फोटोत मुलाचा बाप नाही. आणि त्या लिफ्टची देखभाल होती मुलीच्या बापाकडे.

इथवर सगळ्यांना ठाऊक होतं. पुढचं त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. लिफ्ट बिघडलीच नव्हती. ऐन गडबडीत त्याच्या कानाला कर्रकर्र आवाज आला, तसा तो कोऱ्या कपड्यांत गच्चीवर गेला, मेन स्विच खाली ओढला, मशीनच्या खोलीला कुलूप घातलं आणि चावी मुठीत धरून खाली मांडवात येऊन उभा राहिला. आत कुणी आहे का, एवढं विचारायचं राहिलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. नंतर म्हणाला, "जुनी लिफ्ट, काय करणार!"

त्याची फेड आता चालली होती. मास्तर तंबूची चेन लावू देत नव्हते. कोंडल्यासारखं होतं म्हणे, लग्नापासून. बाटलीतलं पाणी दगड झालं तरी तंबू सताड उघडा. लिफ्टवाला मूग गिळून कुडकुडत होता. तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

दिवसा बोलणं वाट दाखवणाऱ्या बाईमार्फत.

"बाई, यांना सांगा, ती काठी माझी आहे."

"बाई, यांना सांगा, काठीवर नाव नाही."

तिसऱ्या दिवशी बाई म्हणाली, "मी वाट दाखवते. टपाल वाटत नाही." आणि पुढे निघून गेली.

चौथ्या दिवशी खिंड. लिफ्टवाल्याच्या हिशोबाने दोनशे मजले. एकशे नव्वदाव्याला धुकं असं उतरलं की स्वतःचा पंजा दिसेना. पुढून बाई ओरडली, "आहात तिथेच बसा! दहा मिनिटांत उघडेल!"

मग शिट्टी सुरू झाली. आधी जोरात, मग तुटक, मग नुसती हवा. असला आवाज लिफ्टवाल्याने जन्मभर ऐकला होता. आतला माणूस घंटी दाबून दाबून थकला की असाच येतो. बुडावर सरकत सरकत तो आवाजापाशी गेला, आणि तोंडातून सवयीने निघालं,

"आत किती जण आहात?"

धुक्यातून मास्तरांचं उत्तर आलं. "एकटाच आहे."

"श्वास घेता येतोय?"

"येतोय. पुरत नाही."

"पुरतो. बसून घ्या. दाराला हात लावू नका."

"इथं कुठलं आलंय दार?"

"तेच तर सांगतोय. दारच नाही, अडकाल कसे?"

मास्तरांच्या श्वासाचा आवाज थोडा खाली आला.

"त्या दिवशी असं कुणी बोललं नाही," मास्तर म्हणाले. "मी शिट्टी वाजवत होतो, खाली बँड वाजत होता."

धुक्यात लिफ्टवाल्याचं तोंड दिसत नव्हतं, तेवढं बरं होतं.

"व्याहीबुवा, लिफ्ट बिघडली नव्हती. मी बंद केली. आत कुणी आहे का, न विचारता."

"माहितीये."

"आँ? कसं?"

"सगळ्या फोटोंत तुमच्या मुठीत चावी आहे. हाताएवढी पाटी लटकतेय तिला. 'मशीन खोली'."

"मग दहा महिने बोलला का नाहीत?"

"पीटीचा मास्तर आहे मी. चूक करणारा आपणहून पुढे येईस्तोवर अख्ख्या वर्गाला उभं ठेवतो."

धुकं फाटलं. खिंड समोरच होती, दहा मजल्यांवर. वर पोचल्यावर बाईने दोघांना शेजारी उभं केलं आणि फोटो काढला.

"हात दाखवा," मास्तर म्हणाले. लिफ्टवाल्याने दोन्ही पंजे उघडून दाखवले. मगच मास्तर कॅमेऱ्याकडे बघून हसले.

संध्याकाळी तंबूत मास्तरांनी स्वतःच चेन ओढली. अर्ध्यावर हात थांबला. "तुम्ही बोलत राहा," म्हणाले.

लिफ्टवाला बोलत राहिला. पोलादी दोर कसा तपासतात, इथपर्यंत आला तर मास्तर घोरायला लागले होते. उरलेल्या अर्ध्या चेनला त्याने हात लावला नाही. टोपी कानांवर ओढली, आत किती जण आहेत ते मोजलं, दोन भरले, आणि मग झोपला.