मनगटावरचा वळ

चोपन्न साहसकथा लिहिणाऱ्या या गृहस्थाला स्टुलावर चढलं तरी गरगरायचं. त्याचा नायक कप्तान. हा कप्तान दोरावरून दऱ्या ओलांडायचा, बुडत्या जहाजातून निसटायचा आणि शत्रूच्या नाकावर टिच्चून परत यायचा. घरातला दिवा बदलायचा झाला की लेखक मात्र बायकोला हाक मारायचा. गल्लीतले लोक त्यालाच कप्तान समजत, आणि त्यांचा हा गैरसमज दूर करण्याची तसदी त्याने कधी घेतली नाही.

पण एका बाबतीत तो पक्का होता. घरात करून पाहिल्याशिवाय एकही सुटका पुस्तकात घालायची नाही. आणि करून कुणी पाहायची? बायकोने. दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी तो एकदाच स्वतःला खुर्चीला बांधून घ्यायला बसला होता. दोन मिनिटांत त्याने असा आरडाओरडा केला की शेजारीण पोळपाट हातात घेऊन धावत आली. तेव्हापासून बांधून घेण्याचं काम बायकोकडे आणि घड्याळ धरण्याचं त्याच्याकडे, अशी वाटणी झाली ती कायमची.

बायको शिवणकाम करायची. पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश. दुपारी मशीन थांबलं की तो दोर घेऊन दारात उभा राहायचा.

"चल, परीक्षा."

"आज काय? पेटी की खुर्ची?"

"खुर्ची. जहाजी गाठ."

दोर आवळला जात असताना मुठी घट्ट धरून मनगटं फुगवायची आणि मग ती हळूच सैल सोडायची, ही कप्तानाची गाजलेली युक्ती मुळात तिची. कपड्यांच्या पेटीत कोंडल्यावर बिजागरीचा स्क्रू नखाने फिरवायचा, हीसुद्धा तिचीच. सुटली की ती हस्तलिखिताच्या समासात बरोबरची खूण करायची, कापडावर रेघा मारायच्या निळ्या पेन्सिलीने. नाही सुटली तर फुली. फुली पडलेलं पान तो मुकाट्याने फाडून टाकायचा. मग तिच्या मनगटांवर उठलेल्या लालभडक वळांना तो तेल चोळून द्यायचा. ती गिऱ्हाइकांसमोर लांब बाह्यांचे कपडे घालून बसायची.

"लोकांना वाटायचं, नवरा बांधून घालतो," ती म्हणायची.

"घालतोच की," तो म्हणायचा, आणि दोघंही पोट धरून हसायची.

अकराव्या पुस्तकाच्या वेळी असंच तेल लावून घेता घेता ती म्हणाली, "अहो, एकदा एखादी बाई घाला ना गोष्टीत. कप्तानाने सोडवलेली नको. आपली आपण सुटणारी."

"मी घालीन गं, पण प्रकाशक ऐकणार नाही," तो म्हणाला.

विसाव्या पुस्तकाला तिने पुन्हा विचारलं. तिसाव्यालाही विचारलं. दर वेळी त्याने प्रकाशकाला पुढे केलं. मग तिने विचारणं सोडून दिलं आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं. खरं तर प्रकाशकाकडे त्याने हा विषय कधी काढलाच नव्हता. गोष्टीतली बाई खुर्चीवरून सुटली असती, तर ही कोण म्हणून कुणीतरी विचारलं असतं. मग कप्तानाचे हात कुणाचे, तेही बाहेर आलं असतं. तेवढं त्याला नको होतं. इतकं कोतं मन घेऊन तो वर्षानुवर्षं शूरपणाच्या गोष्टी लिहीत राहिला.

गेल्या वर्षी तिला झटका आला. जीव वाचला, बोलणंही शाबूत राहिलं, पण डावा हात कायमचा रुसला. शिवणाच्या मशीनवर झाकण चढलं. डॉक्टरांनी एक रबरी चेंडू दिला होता. तो डाव्या मुठीत धरून ती दिवसभर दाबत बसे.

एका सकाळी प्रकाशकाचा फोन आला. कप्तानाचं शेवटचं पुस्तक हवं होतं. लेखकाला हल्ली कमी ऐकू यायचं, त्यामुळे फोनचा आवाज खोलीभर घुमे. त्याने समोर बसलेल्या बायकोकडे पाहिलं आणि उसनं अवसान आणून विचारलं, "या वेळी एक बाई घालावी म्हणतो. आपली आपण सुटणारी."

"घाला की!" प्रकाशक म्हणाला. "मी तर कधीपासून वाट बघतोय. मला वाटायचं, तुम्हालाच पसंत नाही."

बायकोच्या मुठीतला चेंडू थांबला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो फोनच्या वायरीशी चाळा करत राहिला. थोड्या वेळाने ती पुन्हा चेंडू दाबायला लागली. त्या दिवशी ती एक शब्द जरी बोलली असती, तरी त्याला बरं वाटलं असतं.

तीन आठवडे तो खाली मान घालून लिहीत होता. गोष्टीत एक शिवणकाम करणारी बाई होती. चोरांनी तिला गोदामात खुर्चीला बांधलं होतं. कप्तान वाट चुकून भलतीकडेच भटकत होता, आणि ती बाई मनगटं फुगवून, गाठ सोडवून, चोरांनाच आत कोंडून घरी जात होती. इतकं चांगलं त्याने आजवर लिहिलं नव्हतं, हे त्याचं त्यालाच कळत होतं. एका दुपारी त्याने ते तिला वाचून दाखवलं.

"छान झालंय," ती म्हणाली.

"मग कर खूण." त्याने निळी पेन्सिल पुढे केली.

"अशी कशी? परीक्षा?"

"राहू दे गं. आता कशाला उगीच?"

"चोपन्न पुस्तकांत कधी राहू दिलं नाहीत. आणि माझ्याच वेळेला राहू द्यायचं?" ती उठली, भिंतीला धरत धरत गेली आणि त्याच जुन्या खुर्चीवर बसली. "बांधा. जहाजी."

त्याने दोर आणला. तिचे हात मागे घेतले. डाव्या हाताची मूठ तिने वळायला घेतली, ती अर्ध्यातच राहिली. त्याने दोराचे वेढे दिले, गाठ मारली आणि घड्याळ घेऊन समोर आला.

तिने डोळे मिटले. खांदे हलले. कपाळावर घाम आला. पाऊण मिनिट झालं असेल नसेल, दोर घसरून जमिनीवर पडला.

"जमलं!" तो ओरडला. "बघ, जमलं की नाही?"

क्षणभर तिचा चेहरा असा फुलला की त्याला तिचे अकराव्या पुस्तकाच्या वेळचे दिवस आठवले. मग तिने दोन्ही हात मांडीवर घेतले आणि उलटसुलट करून पाहिले. त्याने सवयीने तेलाची बाटली उघडली होती. तिने मनगटं त्याच्यासमोर धरली. कातडीवर साधी रेघसुद्धा नव्हती.

"वळ कुठेय?" तिने विचारलं.

त्याने बाटलीचं झाकण पुन्हा लावलं.

"इतकी वर्षं मी तुम्हाला सांगायची, अहो, जरा सैल बांधा, दुखतं. एकदाही ऐकलं नाहीत." ती रागावली नव्हती, हेच त्याला सोसेना. "आणि आज ऐकलंत."

"माझं चुकलं," तो म्हणाला. "आजचंच नाही म्हणत मी. अकराव्यापासूनचं सगळंच. प्रकाशक कधी नाही म्हणालाच नव्हता."

"फोनवर ऐकलं मी."

"छापू दे ना मला. कुणाला कळणार आहे?"

"मला."

तिने उजव्या हाताने पेन्सिल उचलली, पान मांडीवर ओढलं आणि समासात फुली मारली. पेन्सिल त्याच्या हातात देत ती म्हणाली, "कप्तानालाच बांधा. त्याला अजून सुटता येतं."

मग तिने चेंडू मागितला. तो खुर्चीखाली गेला होता. लेखकाने गुडघ्यांवर बसून तो काढला आणि तिच्या डाव्या मुठीत ठेवून, तिची बोटं एकेक करून त्याच्याभोवती मिटली.