पंढरीच्या डोक्यावरचे कोंब

"फुटले! कोंब फुटले!" जटानंद महाराज ओरडले आणि भोकर गावाबाहेरच्या माळावर जमलेली चार-पाचशे माणसं टाचा उंचावून बघू लागली.

पत्र्याच्या मांडवात पाटावर पंढरी नावाचा भक्त बसला होता. डोकं तुळतुळीत, महाराजांच्या म्हणण्याप्रमाणे वीस वर्षांचं टक्कल. महाराजांनी त्यावरून कापसाचा कोरडा बोळा फिरवला आणि खरोखरच तिथं पांढरं, बारीक काहीतरी उभं राहिलं.

"सायन्स म्हणतं, टकलावर केस येत न्हाईत. बोलवा सायन्सला हितं! जमीन तीच, बी तेच. फक्त आतला किडा मेला पाहिजे. पुढच्या गुरुवारी ह्याच डोक्यावर कंगवा फिरवून दाखवतो!" महाराजांचं स्वतःचं डोकं मात्र भगव्या फेट्यात होतं आणि तो फेटा काढायला कुणी सांगितलं नाही.

केवळाबाईचे डोळे भरून आले. तिच्या शेजारी ओढणीनं डोकं घट्ट बांधून तिची वर्षाराणी बसली होती. बारावीतली पोर. दसऱ्यापासून तिच्या डोक्यावर तीन जागी केस जाऊन रुपयाएवढी चाई पडली होती. महिनाभर ती कॉलेजला गेली नव्हती. घरातला आरसा तिनं भिंतीकडे तोंड करून ठेवला होता.

नांदेडच्या दवाखान्यात दाखवून झालं होतं. डॉक्टर लुंबिनी म्हणाल्या होत्या, "किडा वगैरे काही नसतो. शरीराची रोगाशी लढणारी ताकद चुकून आपल्याच केसांच्या मुळांवर चालून जाते. मुळं जिवंत आहेत. दर महिन्याला या, इंजेक्शन देऊ. बहुतेक केस येतील, पण हमी कुणीच देऊ शकत नाही."

इथंच सगळं बिनसलं. डॉक्टरीणबाईंनी हमी दिली नाही आणि महाराजांनी एकवीस दिवसांची दिली. आईच्या काळजाला दुसरं काय हवं असतं?

औषध होतं मंतरलेला बिब्बा. वर्षाराणी डोकं मागं घेऊन म्हणाली, "माय, नको गं. मॅडमनं काही लावू नका म्हणून सांगितलंय."

"एकाच जागी लावू, बाई. कानामागं. कुणाला दिसायचं बी न्हाई." केवळाबाईनं तिचे दोन्ही हात धरून ठेवले. बिब्बा लागला तशी पोर किंचाळली.

"जळून राहिलं म्हणजे किडा तडफडून राहिला!" महाराज खूश होऊन म्हणाले. उरलेल्या दोन जागा पुढच्या गुरुवारी.

घरी येईस्तोवर कानामागं फोड आला. दोन दिवसांनी फुटला आणि चिघळला. वर्षाराणी तक्रार करत नव्हती, आईशी बोलतच नव्हती.

सोमवारी केवळाबाई नवऱ्याबरोबर, रामकिशनबरोबर, कापूस वेचायला गेली. चुलत्याच्या दहाव्याला त्यानं आदल्याच दिवशी डोक्यावर वस्तरा फिरवून चकोट केला होता. दुपारी तो टोपी काढून कापसाच्या गठुड्याला डोकं टेकून पडला. उठला तेव्हा डोकंभर पांढरे तंतू उभे होते. केवळाबाईनं झटकले, तर निघेनात.

"अहो, तुमच्या डोक्याला कोंब फुटले!" ती हसली. आणि हसता हसता तिथंच थिजली.

तरी खात्री वाटेना. आशा अशी सहजासहजी सुटत नाही. गुरुवारी ती लेकीला घेऊन पुन्हा माळावर गेली, फक्त पदराला कापूस बांधून आणि आदल्या दिवशी पुन्हा वस्तरा फिरवून घेतलेल्या रामकिशनला बरोबर घेऊन.

गर्दी दुप्पट झाली होती, कारण पंढरीच्या डोक्यावर काळे खुंट आले होते आणि महाराज त्यावरून कंगवा फिरवत होते. पाटावर आता नवा भक्त होता, "पंधरा वर्षांचं टक्कल!" वर्षाराणीचं नाव पुकारलं गेलं. ती उठेना.

केवळाबाईच पुढं गेली. "महाराज, ह्या नव्या भक्ताचं डोकं मी पुसते."

"बाईचा हात चालत न्हाई!" महाराज गरजले, पण तोवर तिचा कापसाचा बोळा त्या डोक्यावरून फिरला होता. तंतू चिकटून उभे राहिले. "फुटले!" गर्दी ओरडली.

"थांबा. मलप्पाकाका, तुमी या." गावचे किराणा दुकानदार मलप्पा बिचारे चार केस तरी येतील म्हणून आले होते. त्यांचं टक्कल जन्मभराच्या ओळखीचं. बोळा त्यावरून नुसता घसरला. मलप्पांनी हात फिरवून बघितला आणि नाराज झाले.

मग तिनं नवऱ्याची टोपी काढली. पुन्हा कोंब फुटले.

"माझा माणूस दहाव्याला चकोट करून आलाय. ह्याचं टक्कल किती वर्सांचं, सांगा महाराज! वस्तरा फिरवल्यावर खुंट दिसत न्हाई, पण कापूस त्याला अडकतो. खऱ्या टकलावर अडकायला काय हाय? पंढरीला टक्कल नव्हतंच. भादरलेले केस आठ दिवसांत वाढले, त्यात कसला चमत्कार?"

नवा भक्त पाटावरून उठून आधी पळाला. महाराजांना जीपपर्यंत पोचायला थोडा वेळ लागला, कारण फेटा सुटत होता.

मागून एक बाई कुरकुरली, "पण माझ्या नणंदेच्या चाईवर केस आले की!" दुसऱ्या दिवशी केवळाबाईनं हेच डॉक्टर लुंबिनींना विचारलं.

"चाईचे केस पुष्कळदा आपले आपणच येतात," त्या जखम पुसत म्हणाल्या. "मोठ्या तापानंतर, बाळंतपणानंतर गळलेलेही येतात. बाबा मधे उभा राहून श्रेय घेतो. पण बिब्ब्यानं कातडी खोल भाजली की मुळंच मरतात." केवळाबाईनं लेकीच्या कानामागच्या जखमेकडं बघितलं. तिथं आता केस येणार नव्हते.

दर महिन्याला इंजेक्शन सुरू झालं आणि सात महिन्यांत उरलेल्या दोन्ही जागा केसांनी भरून आल्या. वर्षाराणी कॉलेजला जाऊ लागली. कानामागची जागा गुळगुळीत राहिली. वेणी घालताना केवळाबाईची बोटं तिथं आली की थांबतात. "राहू दे माय, झाकतंय," लेक म्हणते. त्या मायेनंच आईला जास्त रडू येतं.

आता कुठं नवा महाराज आला की दोघी मायलेकी तिथल्या बायकांत जाऊन बसतात. वर्षाराणी स्वतः वेणी बाजूला करते आणि केवळाबाई सांगते, "हमी मागू नका गं, कारण विचारा. कसं होतं ते विचारा. दवाखान्यात उशीर लागतो, लागू द्या. हे बघा. रोगानं नेलेले केस परत आले. मी जाळलेले न्हाई आले."